फोन उचलता येत नाही? मग गिऱ्हाईकाला बोलून ठेवू द्या: धंद्यात व्हॉइस मेसेज कसा वापरायचा

आपल्याकडे व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही. मिस कॉल दिला की समोरचा करतो, यावरच सगळ्यांचं भागलं. त्यामुळे "बीपनंतर बोला" असं ऐकू आलं की आपला माणूस गप्प होतो आणि कट करतो. पण तोच माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर माइक दाबून दोन दोन मिनिटं सलग बोलतो, मागे कुकरची शिट्टी, पोराचं रडणं सगळं चालू असतं तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर हे २०१३ ला आलं आणि तेव्हापासून ज्यांना टाइप करायचा कंटाळा किंवा मराठी कीबोर्डचा वैताग आहे त्यांची चांगलीच सोय झाली.

म्हणून आधी डोक्यातून ते बीपवालं मशीन काढा. धंद्यासाठी व्हॉइसमेल म्हणजे इतकंच, की फोन उचलला गेला नाही तर गिऱ्हाईकाला बोलून ठेवायला जागा द्यायची आणि ते बोललेलं कोणीतरी ठरल्या वेळेला ऐकून उत्तर द्यायचं. दुसरा अर्धा भाग सगळे विसरतात, आणि मग "मेसेज टाकला होता, तुम्ही ऐकलाच नाही" अशी भांडणं होतात.

सोय कशी करायची ते आधी बघू. एकट्याचा किंवा दोघा-तिघांचा धंदा असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरतं, फुकट आहे. त्यात अवे मेसेज, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर असतं, ते दुकान बंद असतानाच जाईल असं वेळापत्रक लावता येतं. पण एक लक्षात घ्या, ते जातं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला तर. साधा फोन येऊन मिस झाला तर काहीही जात नाही. त्यासाठी मिस कॉल बघून हाताने दोन ओळी पाठवायच्या, त्या क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करून ठेवा म्हणजे दर वेळी टाइप करायला नको. रोजचे फोन खूप असतील, दोन शाखा असतील, तर क्लाउड टेलिफोनीवाल्यांकडून, म्हणजे इंटरनेटवरून फोनची सोय देणाऱ्या कंपन्यांकडून, एक नंबर घ्यायचा, तिथे मराठीसाठी एक दाबा वगैरे करता येतं, कोणी उचललं नाही तर आवाज रेकॉर्ड होतो आणि ती फाइल तुमच्या अ‍ॅपवर नाहीतर ईमेलवर येते.

मोबाइलचा कॉल या नंबरावर वळवायचा असेल तर कोड दाबत बसू नका. *४०१# वाला कॉल फॉरवर्डिंगचा प्रकार फसवणुकीसाठी फार वापरला गेला, म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून तो कंपन्यांना बंद करायला लावला. तुमच्या सिमच्या कस्टमर केअरकडून रीतसर चालू करून घ्या. आणि फोनवर कोणी अनोळखी माणूस "साहेब हा कोड दाबा" म्हणाला तर सरळ फोन ठेवा.

आता समोरच्याला काय ऐकवायचं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे ऐकून आजवर कोणाचं समाधान झालेलं नाही. त्यापेक्षा काय बोलायचं ते त्यालाच सांगा. एसी दुरुस्तीवाल्याचं समजा असं: "नमस्कार, आत्ता कामावर आहे, फोन उचलता येत नाही. तुमचं नाव, एरिया, एसी स्प्लिट आहे की विंडो, आणि काय होतंय, पाणी गळतंय की गार होत नाही, एवढं बोलून ठेवा. संध्याकाळी सातच्या आत फोन करतो." बास. वेळ सांगितली की ती पाळायची, नाहीतर सांगूच नका. एवढं ऐकून ठेवलं तर निघतानाच गॅस लागणार की शिडी लागणार ते कळतं आणि एक हेलपाटा वाचतो. प्लंबर, वायरमन, गॅरेज, सगळ्यांना हेच लागू, फक्त प्रश्न बदला. गॅरेजवाल्याने तर गाडीचा आवाजच रेकॉर्ड करून मागवावा, "खडखड येतंय" पेक्षा तो आवाज ऐकून जास्त कळतं.

दवाखान्याचं मात्र जपून करा. डॉक्टर पेशंट तपासत असतात, रिसेप्शनिस्ट एकटी, फोन सारखा वाजतो, म्हणून व्हॉइस मेसेजचा नंबर ठेवणं बरोबरच आहे, पण फक्त अपॉइंटमेंट, औषध संपलंय, रिपोर्ट आला का, असल्या कामांसाठी. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, की छातीत दुखत असेल, दम लागला असेल, अपघात असेल तर इथे बोलू नका, १०८ ला फोन करा. हे वाक्य शेवटी नको, शेवटपर्यंत कोण ऐकतं? आणि आलेले मेसेज काउंटरवर स्पीकरवर ऐकायची सवय मोडा. अख्खा वेटिंग हॉल कोणाची मूळव्याध आणि कोणाची प्रेग्नन्सी ऐकत बसलेला असतो. इअरफोन लावा, वहीत नोंद करा. डॉक्टरांनीही गोळ्यांची नावं आणि डोस आवाजात सांगू नयेत, लिहून पाठवावेत.

हाच नियम नाशिककडच्या द्राक्षवाल्यांनाही. तिथे बागेचा सल्ला देणारे लोक व्हॉइस नोटवर खूप काम करतात, आणि ते चालतंही छान. छाटणीनंतर मध्येच पाऊस झाला, ढगाळ राहिलं की डाऊनी, भुरी या रोगांच्या भीतीने एकदम सगळे फोन करतात, एकेकाशी बोलायचं म्हटलं तर रात्र होईल. एक नोट व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर टाकली की ती सगळ्यांना वेगवेगळी जाते आणि काम होतं. फक्त ब्रॉडकास्टचं गणित माहीत पाहिजे, एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, बाकीच्यांना नाही आणि तसं तुम्हाला कळतही नाही. म्हणून नवीन शेतकरी आला की पहिलं काम नंबर सेव्ह करून घ्यायचं. का फवारायचं, वातावरण कसं आहे, घाई करायची की थांबायचं, हे बोलून सांगा. पण औषधाचं नाव, लिटरला किती ग्रॅम, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे टाइपच करा. ट्रॅक्टर चालू असताना साठ आणि सात यांत काय फरक ऐकू येणार? शेतकऱ्याकडूनही नोटबरोबर पानाचा फोटो मागवा, पानाची खालची बाजूसुद्धा. नुसत्या "डाग पडलेत दादा" वर कोणी सल्ला देऊ नये असं माझं मत.

कोकणातल्या होमस्टेवाल्यांची अडचण वेगळीच, रेंज. फोन लागतच नाही आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक लगेच दुसरीकडे बुक करतं. व्हॉइस नोट टाकून ठेवली तर रेंजमध्ये आल्यावर मिळते तरी. गेस्टला विचारायचं ते ठरवून ठेवा, कोणत्या तारखा, किती माणसं, लहान मुलं किती, व्हेज की नॉनव्हेज. "येत्या शनिवारी" किंवा "परवा" असं कोणी बोललं तर तारीख लिहून कन्फर्म करून घ्या, कारण तुम्ही ती नोट कधी ऐकणार ते त्याला माहीत नसतं. रस्ता सांगायला मात्र व्हॉइस नोटसारखं काही नाही. मॅप कुठेतरी आंब्याच्या बागेत नेऊन सोडतो, तिथे "देवळापासून डावीकडे, मग उतार लागेल, उतार संपला की हॉर्न मारा" ही नोट एकदाच चांगली रेकॉर्ड करायची आणि प्रत्येक गेस्टला फॉरवर्ड करायची.

टेम्पो, ट्रकवाले यांना वेगळं सांगायला नको, ते आधीपासूनच असं करतात. ऑफिसने एवढंच बघायचं की गाडी चालू असताना ड्रायव्हरकडून उत्तराची अपेक्षा करायची नाही, टोलला किंवा चहाला थांबला की ऐकेल. सीएच्या ऑफिसात जुलैमध्ये रिटर्नची गर्दी असते तेव्हा "कुठपर्यंत आलं?" या एका प्रश्नाचेच शंभर मेसेज येतात, त्याला आवाजाचा उपयोग नाही, स्टेटसची एक ओळ टाइप करून टाका.

बांधकामाच्या साइटवर तर मी म्हणेन व्हॉइस नोट कमीच वापरा. "तिथली भिंत एक फूट सरकव" असं बोलून सांगितलं जातं आणि बिलाच्या वेळी कोणती भिंत, कोणी सांगितलं, कधी, हे शोधायला चारशे नोटा ऐकाव्या लागतात. नोटमध्ये शब्द शोधून सापडत नाही, लिहिलेला मेसेज सापडतो. पैसा किंवा मोजमाप बदललं की लिहायचं आणि समोरून "ओके" घ्यायचं.

फराळ परदेशात पाठवणाऱ्या ताई-काकूंना हे सगळ्यात जास्त कामाचं आहे. अमेरिकेतली बहुतेक मंडळी आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेतेरा तास मागे, त्यांना फोन करायला सवड मिळते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र नाहीतर पहाट. त्यांनी बोलून ठेवावं, आपण सकाळी चहा घेता घेता ऐकावं. चकली तिखट हवी की मध्यम, अनारसे हवेत का, असल्या गप्पा आवाजातच बऱ्या, पण पत्ता आणि झिपकोड लिहूनच घ्या, आणि ऑर्डरची यादी आपण टाइप करून परत पाठवायची की "एवढंच ना?"

तुम्ही स्वतः नोट पाठवताना अर्ध्या मिनिटात आटपा. पहिल्या वाक्यात काम, मग तपशील, मग कधीपर्यंत हवं ते. "हॅलो, कसे आहात, ऐका ना, काय झालं" यातच वीस सेकंद जातात. दोन विषय असतील तर दोन नोटा. आलेल्या नोटा १.५ किंवा दुप्पट वेगाने ऐकता येतात, पण नाव आणि आकडे आले की वेग कमी करा. पैशाच्या बाबतीत अजून एक, मालकाच्या आवाजात "या नंबरला लगेच टाक" अशी नोट आली तरी आधी मालकाच्या नेहमीच्या नंबरावर फोन करून विचारायचं, हल्ली आवाजाची नक्कल करता येते. हे अकाउंटंटला आजच सांगून ठेवा.

आणि ऐकायचं काम एकाच माणसाच्या नावावर असू द्या, दिवसातून तीन वेळा, दुकान उघडल्यावर, दुपारी आणि बंद करायच्या आधी. ऐकलं की लेबल लावायचं, "फोन करायचा" किंवा "झालं". सगळं लावून झाल्यावर रात्री नऊला घरातल्या कोणाच्यातरी फोनवरून स्वतःच्याच दुकानाला गिऱ्हाईक म्हणून फोन करा, मेसेज टाका, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता उत्तर येतं ते बघा, दुकानातल्या पोरांना न सांगता.