कांद्याच्या लिलावात वही घेऊन उतरताना: डिझाइन रिसर्चमधल्या नवख्यांसाठी

सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांच्या कामात सामील होऊन ते जवळून बघणं, हे वर्गात झालंच असेल. म्हणून थेट बाजार समितीच्या आवारात जाऊ. नाशिकमध्ये काम करायचं तर आज ना उद्या लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतचा कांदा वाट्याला येतोच. समजा, शेतकऱ्याला भाव आणि हिशेब दाखवणारं अ‍ॅप करायचंय.

घात होतो तो गेटवरच. व्यापाऱ्याच्या मुनिमाबरोबर आत गेलात, की शेतकऱ्याच्या लेखी तुम्ही व्यापाऱ्याचे. मग 'भाव बरा मिळाला' याच्या पुढे गाडी सरकत नाही. समितीच्या कर्मचाऱ्याबरोबर फिरलात तर तुम्ही सरकारी, आणि गाऱ्हाणी संपत नाहीत, कारण ती वर पोचतील असं वाटतं. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरून उतरलात तर व्यापारी गप्प. खोटं कुणीच बोलत नसतं, पुढ्यात कोण उभंय ते बघून बोलतात एवढंच. पण टीम तेच 'युजरची गरज' म्हणून भिंतीवर चिकटवते आणि सहा महिने चुकीचं फीचर बनत राहतं.

परवानगी समितीकडूनच घ्या, पण ओळख करून दिल्यावर त्या माणसाला मोकळं करा. एक दिवस शेतकऱ्याच्या कांदाचाळीवर, माल भरण्यापासून. एक दिवस व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात, हमालांच्या आणि निवडणीच्या बायकांच्या सोबत. बसू दिलं तर कांदा निवडायला बसाच. हात कामात असले की प्रश्न कमी विचारावे लागतात. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहा: आज कोणी नेलं, शेजारी कोण होतं, कशाला आलोय म्हणून सांगितलं. हे लिहायचा कंटाळा करणाऱ्याच्या बाकी नोंदींवर माझा तरी विश्वास बसत नाही.

लिलाव संपला की परत फिरू नका. एका ट्रॉलीचा पुकारा चटकन उरकतो, खरा मामला त्यानंतरचा. सौदापट्टी (ठरलेल्या भावाची चिठ्ठी), भरल्या ट्रॉलीचा काटा, खळ्यावर माल ओतणं, रिकाम्या ट्रॉलीचा काटा, मग हिशेबपट्टी (वजन आणि रकमेचा हिशेब लिहिलेला कागद). ओतल्यावर खालचा माल हलका निघाला की वांधा, आणि भाव तोडायची बोलणी. पुकारलेला भाव आणि हातात पडलेली रक्कम यांतलं अंतर इथं तयार होतं. फक्त लिलावाचा भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपला ते कधीच दिसत नाही.

'शेतकरी वैतागला' असं लिहू नका. 'पट्टी दोनदा उघडली, घडी घालून खिशात ठेवली, भावाला फोन लावला' असं लिहा. वैतागाचा तुमचा अंदाज समासात. जागेवर तुटक शब्द पुरेत, पण त्याच रात्री ते सविस्तर उतरवा. तासाभराच्या निरीक्षणाला तेवढाच वेळ, कधी दुप्पटही लागतो. सकाळवर टाकलंत की कोण काय म्हणालं ते गेलंच.

पहिल्या दिवशी पुकारा कळणार नाही, घाबरू नका, कुणालाच कळत नाही. मात्र चार दिवस फिरून रिपोर्टात 'एथनोग्राफी केली' असं ठोकू नये; ती म्हणजे लोकांत दीर्घकाळ राहून केलेला अभ्यास. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोवस्की 1915 ते 1918 या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर मिळून दोनेक वर्षं राहिला होता. आणि नोंदी न वाचताच पर्सोना (युजरचं नमुनादाखल व्यक्तिचित्र) मागणारा मेंटॉर मिळाला, तर त्याला आधी नोंदी वाचायला द्या.

हिशेबपट्टीचा फोटो विचारूनच काढा. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव असतं. ते झाकल्याशिवाय टीमच्या फोल्डरमध्ये टाकू नका.