फास्ट इलेक्ट्रिक बाईक घेताना या चुका टाळा, आणि ती वायर तर अजिबात काढू नका

ऑफिसला इलेक्ट्रिकवर जायला लागल्यापासून ओळखीतला प्रत्येक जण मला एकच विचारतो, "लायसन्स न लागणारी पण जरा पळणारी गाडी कुठली रे?" आणि मी दरवेळी तेच सांगतो की अशी गाडी नसते. एकतर ती पळत नाही, नाहीतर तिला लायसन्स लागतं. मधलं जे काही विकलं जातं ना, ते बेकायदेशीर असतं, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

नियम साधा आहे, सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्समध्ये लिहिलेला. मोटरची पॉवर 250 वॅटच्या आत, स्पीड ताशी 25 किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन 60 किलोपर्यंत. या तिन्ही गोष्टी एकत्र बसल्या आणि टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट असलं तरच ती मोटार वाहन धरली जात नाही, म्हणजे नंबर प्लेट नको, लायसन्स नको, इन्शुरन्सची सक्ती नाही. तिन्हीपैकी दोन बसल्या म्हणून चालत नाही. पुण्यात आपण ज्या एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जातो ना, ती ज्या संस्थेच्या नावानं ओळखली जाते तिथेच हे टेस्टिंग होतं, त्यामुळे "सर्टिफिकेट बिर्टिफिकेट काही नसतं हो याला" असं पुण्यातलाच दुकानदार सांगायला लागला की मला खरंच राग येतो.

आता ती वायर.

स्लो-स्पीड, म्हणजे वरच्या नियमात बसणाऱ्या स्कूटरच्या कंट्रोलरमधून (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) स्पीड लिमिटची एक वायर किंवा छोटा कनेक्टर आलेला असतो. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो काढला किंवा जोडला की 25 वर अडणारी गाडी 40-45 ला जाते. पाच मिनिटांचं काम. माझ्या भाच्याला दुकानदाराने डिलिव्हरीच्या दिवशीच विचारलं होतं, "स्पीड खोलून देऊ का?" वय 19, लायसन्स काढायचा कंटाळा, कॉलेजला उशीर होतो हे कारण तयारच, तो हो म्हणाला. घरात कोणाला माहीत नव्हतं. मला कळलं तेव्हा मी त्याला ओरडलो होतो, पण चावी काढून घेतली नाही, आणि ती घ्यायला हवी होती असं आजही वाटतं.

जूनचा पहिला पाऊस. संध्याकाळी भाचा क्लासवरून येत होता, समोर एक आजी रस्ता ओलांडत होत्या, गाडीचा आवाज नाही त्यामुळे त्यांना कळलंच नाही, याने ब्रेक दाबला तर मागचं चाक घसरलं आणि गाडी आडवी होऊन त्यांच्यावर गेली. आजींचं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. भाचा खरचटण्यावर निभावला. पोलीस आले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की ही गाडी एवढ्या जोरात कशी होती. गाडी तपासली, वायर सापडली, आणि त्या क्षणी ती "खेळण्यातली स्कूटर" न राहता मोटार वाहन झाली, विदाऊट नंबर, विदाऊट इन्शुरन्स, चालवणारा विदाऊट लायसन्स. दंडाच्या पावत्या एकवेळ भरता येतात. पण थर्ड पार्टी इन्शुरन्सच नाही म्हटल्यावर आजींच्या ऑपरेशनचा सगळा खर्च माझ्या ताईने दिला, तिची भिशी आणि एक एफडी त्यात गेली. आणि दुकानदार? "आम्ही नाही केलं, कस्टमरने बाहेरून केलं असेल." बिलावर तर स्पीड 25 च लिहिलेला होता.

लोक दंडाचं विचारतात, मला ब्रेकचं सांगावंसं वाटतं. स्पीड दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. 25 च्या हिशोबाने बसवलेले छोटे ड्रम ब्रेक, 10 इंची टायर, हलकी चेसिस, आणि वर 45 चा स्पीड. कंट्रोलर आणि वायरिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट सतत जातो, ते गरम होतात, आणि ते सगळं सीटखाली बॅटरीच्या शेजारीच असतं. 2022 मध्ये महाराष्ट्रात आरटीओने अशा बदल केलेल्या गाड्यांवर कारवाईची मोहीम घेतली होती, तरी आज कुठल्याही पेठेत चक्कर मारा, विना नंबरच्या 45 ला पळणाऱ्या स्कूटर दिसतात. सायकलला 1000 वॅटचं किट बसवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पेडल असलं म्हणून सूट मिळत नाही, तिथेही 250 वॅट आणि 25 चीच मर्यादा.

त्यामुळे रोज 15-20 किलोमीटर जायचं असेल, मध्ये हायवे किंवा मोठा फ्लायओव्हर असेल, तर सरळ रजिस्ट्रेशनवाली गाडी घ्या. हिरवी पाटी, पांढरे आकडे. पीयूसी लागत नाही. नवीन घेताना थर्ड पार्टी 5 वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता मोटरच्या किलोवॅटवर ठरतो, म्हणून ऑन-रोड किंमत विचारताना इन्शुरन्स धरूनच विचारा. लायसन्स विदाऊट गिअरचं चालतं. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात देऊ नका, पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद कायद्यात 2019 पासून आहे.

दुसरी चूक, जी चांगले शिकलेले लोक करतात, ती चार्जिंगची. "मोबाईलसारखंच तर आहे." नाही. स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण 3-4 अँपिअर ओढतो, आकडा छोटा वाटतो, पण तो चार-पाच तास न थांबता ओढतो. इस्त्री जास्त ओढते पण ती मध्ये मध्ये बंद होते. आमच्या सोसायटीत एकाने वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेंशन घेतलं होतं, पातळ वायर, त्यात मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून कन्व्हर्टर, आणि तो कन्व्हर्टर ढिला. रात्री दोनला प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला म्हणून वॉचमन उठला. बोर्ड वितळून भिंतीला चिकटला होता, शेजारी सहा पेट्रोलच्या गाड्या उभ्या. ढिल्या काँटॅक्टमुळे आग लागते, बॅटरीचा त्यात काही दोष नव्हता.

मी गाडी बुक करायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलावला होता. मीटरपासून वेगळी लाईन, 4 स्क्वेअर एमएम वायर, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग तपासून 15 अँपिअरचा सॉकेट. सोसायटीची परवानगी लेखी घेतली. आणि एक सवय लावून घेतली, चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने पिनला हात लावून बघायचं, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करायचं आणि सॉकेट बदलायचा. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये बघून नाही करत मी, पण गेली चार वर्षं न चुकता करतोय. काढता येणारी बॅटरी असेल तर ती दारात किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका, आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद. उन्हातून तासभर पळवून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावायची नाही, मी हातपाय धुऊन चहा होईपर्यंत थांबतो.

रेंज: जाहिरातीतला आकडा टेस्टचा असतो, रस्त्याचा नाही. मी त्याचे 65 टक्के धरतो, त्यात रोजचं जाणं-येणं एकदाच्या चार्जमध्ये बसून थोडं उरत असेल तरच गाडी विचारात घेतो. डबलसीट आणि चढ असेल तर अजून कमी धरा.

रीजेनबद्दल कोणी सांगतच नाही. थ्रॉटल सोडला की गाडी आपोआप स्लो होते आणि बॅटरीत थोडं चार्जिंग परत जातं, याची हाताला फार पटकन सवय लागते. पण बॅटरी 100 टक्के भरलेली असली की ते चार्जिंग जायला जागा नसते, त्यामुळे रीजेन कमी होतं किंवा लागतच नाही. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर लगेच उतार आहे, पहिल्याच आठवड्यात मी फुल चार्ज करून निघालो, थ्रॉटल सोडला आणि गाडी स्लो व्हायच्या ऐवजी सुटलीच. तेव्हापासून रोज 90 ला चार्जिंग बंद करतो, आणि उतारावर दोन्ही ब्रेकवर बोटं असतात.

पावसात झेब्रा क्रॉसिंगवर पिकअप घेऊ नका, इलेक्ट्रिकचा टॉर्क शून्यापासून पूर्ण मिळतो आणि पांढरा पट्टा ओला असला की चाक जागच्या जागी फिरतं.

आयपी67 (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलंय म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, ती टेस्ट 1 मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास अशी असते, वाहत्या गटाराच्या पाण्याची नाही. प्रेशर वॉश तर नकोच.

हेल्मेट आयएसआयचंच. स्लो-स्पीडवर पण.

टेस्ट राईड शोरूमच्या गल्लीत घेऊ नका, अर्धा तास मागा, घरातल्या एकाला मागे बसवा आणि एखाद्या खऱ्या चढावर गाडी थांबवून परत उचला. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघा. ताब्यात घेताना चेसिस नंबर आणि मोटर नंबर कागदांशी स्वतः जुळवून बघा, नंबर पडला की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून फ्युएलमध्ये इलेक्ट्रिक आणि इन्शुरन्सची तारीख बरोबर आलीये का बघा. "नंबर नंतर येईल, गाडी आज घेऊन जा" म्हणाले तर गाडी तिथेच ठेवून घरी या. भाच्याने आता रजिस्टर्ड गाडी घेतलीये, हप्ता तो स्वतः भरतो, आणि ताब्यात घ्यायच्या दिवशी ॲप त्यानेच उघडलं होतं.