दोन गायिकांचा पॉप अल्बम: स्टुडिओत नव्याने येणाऱ्यांसाठी

दोन गायिकांच्या अल्बमचं काम हातात आलं की नवा प्रोग्रामर (संगणकावर वाद्यांची मांडणी करणारा) पहिल्याच दिवशी सिंथचे (सिंथेसायझरचे) आवाज धुंडाळायला बसतो. त्या दिवशी खरं तर एक कीबोर्ड, एक मेट्रोनोम आणि दोघींचे गळे एवढंच पुरतं, कारण पट्टी ठरल्याशिवाय केलेली सगळी मांडणी नंतर मोडावी लागते.

पट्टी ठरवताना हमखास होणारी चूक म्हणजे ती मुख्य चाल गाणारीच्या सोयीने ठरवणं. दुसरी गायिका वरची हार्मनी, म्हणजे चालीला जोडून चालणारा दुसरा सूर, घेणार असेल तर तिचा सूर चालीपेक्षा तीन किंवा चार सेमीटोन (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर जातो. ध्रुवपदात चाल ४४० हर्ट्झच्या ‘ए’पर्यंत चढत असेल, तर हार्मनी ‘सी’ किंवा ‘सी शार्प’ला पोचते. तिथे तिचा आवाज ताणला गेला की तो बारीक आणि टोकदार होतो, मग मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) तो खाली दाबावा लागतो आणि जोडीऐवजी एक गायिका व मागे कुणीतरी असं ऐकू येतं. म्हणून आधी हार्मनीवालीला ध्रुवपदाची सर्वांत वरची ओळ सलग पाच-सहा वेळा गायला लावा. शेवटच्या वेळीही ती सहज निघाली पाहिजे. निघत नसेल तर गाणं दोन सेमीटोन खाली आणा, किंवा हार्मनी चालीच्या खाली घ्या. खाली घेतल्यावर कडव्यात वेगळीच अडचण येते. चाल आधीच खालच्या सुरांत असते, त्यामुळे हार्मनी २०० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि नुसती हवा उरते. अशा कडव्यांत दोघींनी एकाच सुरात गावं, किंवा एकीनेच. प्रत्येक ओळीला हार्मनी हवीच असं मुळीच नाही. उलट ती ध्रुवपदापर्यंत राखून ठेवली तर ध्रुवपद आपोआप मोठं वाटतं.

अभ्यासाला प्रसिद्ध अल्बमपेक्षा जरा बाजूला पडलेला अल्बम घ्यावा, कारण तो कान कोरे ठेवून ऐकता येतो. ग्लासगोच्या स्ट्रॉबेरी स्विचब्लेड या जोडीचा, म्हणजे रोझ मॅकडॉवल आणि जिल ब्रायसन यांचा, १९८५ चा अल्बम त्यासाठी उत्तम आहे. निर्माता डेव्हिड मोशन. त्यातलं ‘सिन्स यस्टरडे’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं, पण बाकीचा अल्बम त्या गाण्याच्या सावलीतच राहिला आणि पुढच्या वर्षी जोडीही फुटली. त्या गाण्याच्या सुरुवातीची तुतारीसारखी धून सिबेलियसच्या पाचव्या सिम्फनीतून उचललेली आहे. आधी १९८३ चं ‘ट्रीज अँड फ्लॉवर्स’ ऐका, त्यात गिटार आणि ओबो आहे. मग अल्बम ऐका, त्यात सिंथ आणि ड्रम मशीन. आवाज तेच दोन, भोवतालची वाद्यं वेगळी. कागदावर दोन रकाने करा: आवाज चालू असताना कोणतं वाद्य वाजतंय, आणि ओळ संपल्यावर कोणतं. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण मांडणी शिकायचा याहून जवळचा रस्ता नाही.

याचं कारण साधं आहे. शब्द स्पष्ट कळतात ते साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. दोन स्त्री-आवाज तिथे आधीच खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यात सॉ-वेव्हचा (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा) चकचकीत ब्रास सिंथ घातला की तिघांची गर्दी होते आणि नवशिका आवाजाचा फेडर (पातळीची सरकपट्टी) वर सरकवत बसतो. फेडरला हात लावण्याआधी सिंथचं फिल्टर खाली आणा, कॉर्ड एक सप्तक खाली वाजवून बघा, नाहीतर तो भाग ओळींच्या मधल्या जागेत हलवा. इतकं करूनही भागलं नाही, तरच सिंथवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबलचा काप द्या.

रेकॉर्डिंगची सेटिंग्ज लवकर आटोपतात: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) कंडेन्सर माइक, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. सर्वांत मोठ्या ओळीला पीक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दोघींना एकाच खोलीत एकत्र गायला आवडतं, आणि सरावासाठी ते चांगलंच. पण सिंथ-पॉपचे अंतिम टेक (रेकॉर्ड केलेल्या फेऱ्या) वेगवेगळे घ्या. एकीच्या माइकमध्ये दुसरीचा आवाज शिरला की सूर दुरुस्त करताना त्या शिरलेल्या आवाजाचाही सूर सरकतो आणि मागे भुतासारखा तिसरा सूर ऐकू येतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा असला तर गायिका दबून गाते, फार लहान असला तर ओरडते. सूर सारखा घसरत असेल तर आधी हेडफोनचं मिक्स तपासा, गळ्याला दोष नंतर द्या. एक कान उघडा ठेवायचा असेल तर हेडफोनची ती बाजू बंद करा, नाहीतर क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) माइकमध्ये उतरतो.

आता खरं किचकट काम: शब्दांच्या कडा. दोघींचे स्वर जुळतात, अडतं ते ‘स’, ‘ट’, ‘च’वर. ओळीच्या शेवटचा ‘स’ दोघींनी तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या फरकाने म्हटला की फुसफुस दोनदा येते. आवाज डबल केलेले (तीच ओळ पुन्हा गाऊन मिसळलेले) असतील तर चारदा. डी-एसरने (फुसफुस दाबणाऱ्या इफेक्टने) ती मऊ होते, पण एक होत नाही. उपाय गातानाच करायचा. शेवटचं व्यंजन मुख्य गायिकेने म्हणायचं, बाकी सगळ्या टेकमध्ये ते गिळायचं. गाण्याच्या कागदावर दोन खुणा करा: श्वास कुठे घ्यायचा, आणि लांबवलेला सूर कोणत्या मात्रेवर सोडायचा. दुसरी खूण लोक विसरतात, आणि मग संपादनात प्रत्येक ओळीची शेपटी कापत बसावं लागतं.

डबल म्हणजे तीच ओळ पुन्हा गाणं. एकाच टेकची प्रत थोडी सरकवून लावली तर डबल होत नाही. एक मिलिसेकंद सरकवलेली प्रत मूळ टेकमध्ये मिसळली की ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००ला, मग २५००ला, आणि आवाज नळीतून आल्यासारखा लागतो. (१९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड यांनी यंत्राने डबल करण्याची युक्ती काढली, पण तिथे टेपचा वेग सतत किंचित हलत असे. स्थिर प्रतीला ती सर येत नाही.) प्रत्येकीचे चार-पाच टेक घ्या आणि ओळीओळीने निवडा. एका टेकमधला शब्द दुसऱ्यात शिवताना श्वासही सोबत घ्या. श्वासाविना सुरू होणारी ओळ ऐकणाऱ्याला खटकते, का ते त्याला सांगता येत नाही.

पॅनिंगमध्ये, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे ठेवताना, एकीला पूर्ण डावीकडे आणि दुसरीला पूर्ण उजवीकडे ढकलायचा मोह टाळा. एका कानाने ऐकणाऱ्याला अर्धीच जोडी मिळते. चाल मधोमध किंवा किंचित बाजूला आणि डबल दोन्हीकडे ३० ते ४० टक्के, इथून सुरुवात करा. मग सगळं मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका. हार्मनी पातळ झाली तर दोष बहुतेक वेळा स्टिरिओ रुंद करणाऱ्या इफेक्टचा असतो.

कागदपत्रं पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी करा. शब्द आणि चाल यांचे हक्क एकीकडे, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. हार्मनी रचणारीचा चालीत वाटा आहे की नाही, हे गाणं चालल्यावर ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलंच. प्रत्येक गाण्यापुढे दोघींच्या वाट्याची टक्केवारी लिहून सह्या घ्या. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सलग वेव्ह फाइल म्हणून काढा, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोरा, आणि नावात गाणं, गायिका, भाग व वेग लिहा. प्लगइन बंद पडतात, सॉफ्टवेअर बदलतं. नवं मिक्स करायची वेळ आलीच तर जुना प्रोजेक्ट उघडला नाही तरी या फाइली उघडतात.