चालू उत्पादन लाइनवर नॅनोकण लहान दिसत असतील तर: माझा अनुभव

लाइनवरचं डीएलएस (द्रवातल्या कणांच्या थरथरीवरून लेझरने त्यांचा आकार मोजणारं यंत्र) ७० नॅनोमीटर दाखवायचं, तोच नमुना प्रयोगशाळेत १००. काच पुसली, नमुना पातळ केला, लेझर तपासला, फरक शून्य. डोकं पिकलं होतं.

गोम तापमानात निघाली. सॉफ्टवेअर २५ अंश धरून बसलेलं, लाइन ४० वर. तिथे पाण्याची स्निग्धता (व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध) ०.८९ वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदावर येते. कण जास्त वेगाने थरथरतात, म्हणून लहान भासतात.

आधी तापमापक थेट फ्लो सेलमध्ये (जिथून द्रव जाताना मोजणी होते त्या कप्प्यात) बसवला. मग तिथलं तापमान आणि त्यानुसारची स्निग्धता सॉफ्टवेअरला जोडली. सेलकडे द्रव आणणाऱ्या बायपासचा (लाइनमधून काढलेल्या फाट्याचा) व्हॉल्व्ह बंद करून, द्रव स्थिरावल्यावरच मोजणी (वाहता द्रवही आकार कमी दाखवतो). शेवटी १०० नॅनोमीटरच्या प्रमाणित पॉलिस्टायरीन लेटेक्सने (आकार आधीच माहीत असलेले प्लास्टिकचे कण) पडताळणी, तीही ४० अंशांवरच.