पीटी-आयएनआरचं सँपल, नागपूरच्या उन्हात

पीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आयएनआर म्हणजे त्यावरून काढलेला आकडा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट ०.३ मिली असतं; रक्त २.७ मिली, अगदी खुणेपर्यंत घ्या. कमी भरलं की सायट्रेट जास्त होतं, चाचणीत घातलेलं कॅल्शियमही ते बांधून टाकतं आणि आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. मग वॉरफरिनचा (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा) डोस विनाकारण कमी केला जातो.

दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरात सोडा. ट्यूब ३-४ वेळा हलकेच उलटसुलट करा, खळखळवू नका. बारीकशी गुठळी दिसली तरी सँपल बाद. काडीने गुठळी काढून काम भागवणं नाही.

मे महिन्यात सीताबर्डीहून गाडीच्या डिक्कीत ट्यूब नेणं म्हणजे ती शिजवणंच. थर्माकोलच्या डब्यात, १८ ते २४ अंशांत न्या. बर्फ मात्र नको, गारठ्याने फॅक्टर ७ (रक्त गोठवणारं एक प्रथिन) सक्रिय होतो. पीटी २४ तासांत, एपीटीटी (रक्त गोठण्याचीच दुसरी चाचणी) ४ तासांत लावा.