चिंक्वे तेर्रेत मुक्काम कुठल्या गावात करावा?

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर पाच गावं बिलगून बसली आहेत: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. हाच पट्टा म्हणजे चिंक्वे तेर्रे, आणि १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फोटोंत पाचही गावं मोहात पाडतात, त्यामुळे ज्याचा फोटो सगळ्यांत देखणा त्या गावात खोली घेतली जाते. निवड तिथेच चुकते. गावं रेल्वेने एकमेकांपासून जेमतेम दोन ते पाच मिनिटांवर आहेत, म्हणजे दिवसा तुम्ही कुठेही असू शकता. मुक्कामाचं गाव ठरवायचं ते दोन गोष्टींवरून: रात्र आणि पहाट कशी हवी, आणि तुमच्या गुडघ्यांना किती पायऱ्या झेपतील.

आधी बरोबर कोण आहे ते बघा

पायऱ्यांचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो, त्याला कारण आहे. रिओमाज्जोरेत आम्ही घेतलेली खोली 'स्टेशनपासून पाच मिनिटं' होती. वेळ खोटी नव्हती. पण गल्ली संपली आणि दगडी जिना सुरू झाला. एकेका पायरीची उंची वेगळी, रुंदी कशीबशी एका माणसापुरती. चाकांच्या बॅगेचा तिथे काहीच उपयोग नाही. मी आईची बॅग वर ठेवून आलो आणि मग तिचा हात धरून पुन्हा चढलो. दर वळणावर ती भिंतीला टेकून थांबायची. त्या दोन दिवसांत ती संध्याकाळी एकदाही खाली समुद्रापर्यंत आली नाही.

म्हणून बुकिंगच्या आधी घरमालकाला सरळ विचारा: स्टेशनपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? इमारतीतल्या आणि गल्लीतल्या दोन्ही मोजून सांगा म्हणावं. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरी खोली शोधा.

मग गाव निवडा

ज्येष्ठ मंडळी, लहान मुलं किंवा जड सामान बरोबर असेल तर मोंतेरोस्सो. पाचांत सगळ्यांत सपाट गाव हेच, आणि वाळूचा मोठा किनाराही इथेच. गावाचे दोन भाग आहेत: स्टेशनकडचा फेजिना आणि बोगद्यापलीकडचं जुनं गाव. लिफ्ट असलेली हॉटेलं मिळण्याची शक्यताही इथे जास्त. बाकीच्या गावांत बहुतेक घरगुती खोल्याच असतात. त्यांना तिकडे 'अफित्ताकामेरे' म्हणतात.

वेर्नात्साचं स्टेशन गावाच्या मधोमध आहे. तिथून मुख्य रस्ता उतरत थेट छोट्या बंदरावर जातो. क्रूझची जहाजं जवळच्या ला स्पेत्सिया शहराच्या बंदराला लागतात, त्यामुळे दिवसभर या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण संध्याकाळच्या गाड्या भरून परत गेल्या की बंदराच्या कठड्यावर गावातलेच लोक उरतात. हा बदल पाहायचा असेल तर रात्र इथे काढा.

मानारोला आणि रिओमाज्जोरे दोन्ही चढाची. रिओमाज्जोरे ला स्पेत्सियाच्या बाजूचं पहिलं गाव, म्हणून उशिरा पोहोचणार असाल तर सोयीचं. मानारोला त्याहून लहान, आणि मावळतीच्या उजेडात मला तरी तेच सगळ्यांत आवडतं. या दोन गावांना जोडणारी 'विया देल्लामोरे' ही कड्यावरची वाट २०१२ साली दरड कोसळल्याने बंद झाली होती, ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिला वेगळं तिकीट लागतं. पण ती अर्ध्या तासात चालून होते, तिच्यापायी मुक्काम ठरवू नका.

कोर्निल्या समुद्रकाठी नाहीच. ते सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे आणि स्टेशनपासून तिथे जायला ३८० च्या आसपास पायऱ्यांचा जिना आहे. बस आहे, पण रात्री तिच्यावर विसंबू नका. फेरीबोटही बाकीच्या चार गावांना थांबते, इथे मात्र थांबत नाही. म्हणूनच इथे गर्दी कमी. पाय भक्कम असतील आणि शांतता हवी असेल तर मी डोळे झाकून कोर्निल्या सुचवीन.

पाचही ठिकाणी खोल्या भरल्या किंवा फार महाग वाटल्या, तर त्याच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांकडे वळा. एका टोकाला लेवांतो, ऐसपैस किनाऱ्याचं निवांत गाव; दुसऱ्या टोकाला ला स्पेत्सिया हे शहर. भाड्याची गाडी असेल तर या दोन ठिकाणांपैकीच एक घ्या, कारण पाच गावांच्या आत बहुतेक ठिकाणी पाहुण्यांच्या गाड्या जाऊ देत नाहीत. एवढंच लक्षात ठेवा की मध्यरात्रीनंतर काही तास रेल्वेगाड्या बंद असतात.

बुकिंग करताना

'समुद्र दिसतो' असं लिहिलं असेल तर तो खिडकीतून दिसतो की गच्चीवरून, ते विचारून घ्या. रुळांच्या अंगाला असलेल्या खोलीत गाड्यांचा आवाज येतो, झोप सावध असेल तर तेही विचारा. पर्यटन कर माणशी, दर रात्रीचा असतो आणि बहुतेक वेळा भाड्यात धरलेला नसतो.

इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, म्हणून सुरुवातीला रद्द करता येणारं बुकिंगच करा. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात जाणार असाल तर ही अट सोडूच नका. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोचे रस्ते चिखलाखाली गाडले गेले होते. आजही जोराच्या पावसाचा इशारा आला की डोंगरवाटा बंद करतात आणि समुद्र खवळला की बोटी थांबतात.

निदान दोन रात्री ठेवा. एकाच रात्रीत पहिली संध्याकाळ सामान चढवण्यात जाते आणि सकाळ ते उतरवण्यात. मोठी बॅग ला स्पेत्सिया स्टेशनवर सामान ठेवण्याच्या सोयीत सोडता येते. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन दिवसांचे कपडे आणि चालायचे बंद बूट घेऊन पुढची गाडी पकडा.