जुनी फुल सस्पेन्शन सायकल बघायला निघण्याआधी

कोपऱ्यावरच्या दुकानात ‘डबल शॉकर’ म्हणून टांगलेली, मधोमध जाड स्प्रिंग असलेली अठरा-वीस किलोची लोखंडी सायकल मला इथे म्हणायची नाही. ती नवीच घ्या किंवा घेऊच नका. मी बोलतोय ती २००५ ते २०१५ च्या दरम्यानची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, पुढच्याबरोबर मागच्या चाकालाही धक्के झेलणारी, म्हणजे मागे हवेचा शॉक असलेली खरी माउंटन बाइक. कुणी परदेशातून परतताना सामानाच्या कंटेनरमध्ये आणलेली, कुणी हौसेने इथेच घेतलेली, आणि आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली झोपलेली. पुण्यात अशा सायकली अधूनमधून निघतात. वेताळ टेकडीवर किंवा तळजईच्या मागे मुरमात चालवायला त्यांच्यासारखी मजा नाही. पण अशा सायकलीचा भाव फ्रेमवर किंवा कंपनीच्या नावावर ठरवू नका. तो मागच्या शॉकवर आणि पिव्होटच्या, म्हणजे फ्रेमचा मागचा भाग ज्या सांध्यांवर हलतो त्यांच्या, बेअरिंगवर ठरवा. बाकी बहुतेक सगळं मागाहून बदलता येतं.

हे मला अक्कलखाती शिकायला मिळालं. पहिली घेतली तेव्हा मालक म्हणाले, “शॉकमध्ये हवा थोडी कमी झालीय, भरलीत की झालं.” भरली. आठवडाभर छान चालली आणि एके दिवशी मागचं चाक सीटखाली बसल्यासारखं आखडून गेलं ते वर येईना. कितीही पंप मारा, जैसे थे. शॉकच्या आत हवेचे दोन कप्पे असतात, एक सायकल उचलून धरणारा आणि एक त्याच्या उलट ओढणारा. मधलं सील गेलं की हवा उलट्या कप्प्यात शिरून अडकते आणि शॉक आवळला जातो. असा आवळलेला शॉक घरी पाना लावून उघडायचा नाही, आतली दाबलेली हवा भाग उडवून देते. मेकॅनिकने उघडून दाखवला तेव्हा दांड्यावर उभा ओरखडा होता, म्हणजे नवं सील घालूनही उपयोग नव्हता. त्या मापाचा शॉक शेवटी पुतण्याने अमेरिकेहून येताना बॅगेत आणला, हवा पूर्ण सोडून. तोवर चार महिने सायकल भिंतीला टेकून होती.

म्हणून तयारी फोनपासूनच सुरू करा. मालकाला आधी फोटो मागा आणि सायकलच्या देखण्या फोटोवर समाधान मानू नका. शॉकवरचा स्टिकर, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, चकचकीत नळ्या, पेडलच्या एक्सलखालची फ्रेमची बाजू आणि चेनच्या बाजूचं मागचं टोक, एवढे चार जवळून काढलेले फोटो हवेत. फॉक्स कंपनीच्या शॉकवर चार अक्षर-आकड्यांचा कोड असतो, रॉकशॉक्स कंपनीच्या शॉकवर सीरियल नंबर असतो. त्यावरून मॉडेल आणि साल काढता येतं. शॉकचं माप म्हणजे दोन आकडे: दोन्ही टोकांच्या बोल्टमधलं अंतर आणि दांडा किती आत जातो ते. जुन्या सायकलींवर हे इंचात असतं. ७.८७५ बाय २ म्हणजेच २०० बाय ५१ मिलिमीटर हे त्यातलं नेहमी भेटणारं माप. २०१६ च्या सुमारास मेट्रिक मापं आली आणि नव्या सायकली तिकडे वळल्या, त्यामुळे जुन्या मापाचा शॉक कुणाकडे मिळतो हे सायकल बघायला जाण्याआधी शोधून ठेवा, घेतल्यानंतर नाही. काही मॉडेलांना तर खास त्यांच्यासाठीच बनवलेला शॉक असतो. ट्रेक कंपनीचा, सायकल उचलून धरणाऱ्या हवेचेच दोन कप्पे असलेला डीआरसीव्ही किंवा स्कॉट जीनियसचा दाबला न जाता ओढला जाणारा शॉक, दोन्ही आपापल्या जागी हुशार कामं आहेत. पण आज ते बिघडले तर बदली शोधताना नाकी नऊ येतात. तसं असेल तर मी तिथेच नमस्कार करतो.

फोनवरच आणखी तीन गोष्टी विचारा. चाक २६ इंची आहे का? बहुधा असेलच, आणि त्याने बिचकू नका. २६ ची ट्यूब आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळते, फक्त चांगला ट्यूबलेस टायर शोधावा लागतो. दुसरं, हँडलखालची नळी वरपासून खालपर्यंत सरळ आहे की खाली जाड होत गेलेली? सरळ असेल तर तिला १ १/८ इंचाचा चिमटा लागतो. आजचे चांगले चिमटे बहुतेक खाली दीड इंच जाड असतात, ते तिच्यात जाणार नाहीत. तिसरं, मागचा एक्सल १३५ मिलिमीटरचा साधा लिव्हरवाला, की १४२ चा आरपार जाणारा? दोन्ही चालतात, पण पुढे चाक बदलायची वेळ आली तर हा आकडा वहीत असलेला बरा. आणि जाता जाता, सहज विचारल्यासारखं विचारा की ही धुता कुठे. दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर फवाऱ्याने, असं उत्तर आलं की पिव्होटची बेअरिंग बदलण्याचा खर्च तेव्हाच मनात धरायचा. तो फवारा सीलच्या आत पाणी घुसवतो आणि ग्रीस बाहेर काढतो.

बघायला जाताना पिशवीत काय न्यावं? शॉक पंप हवाच, ३०० पीएसआयपर्यंत जाणारा. टायरच्या पंपाने शॉक भरत नाही. एलन कीचा संच, बारा इंची स्टीलची पट्टी, मोबाइलच्या टॉर्चपेक्षा बरी अशी एक छोटी बॅटरी, सुती फडकं आणि छोट्या बाटलीत स्पिरिट. हेल्मेटही न्या, कारण चालवून बघायची आहे. शक्यतो दिवसाउजेडी जा. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक फ्रेम नवीच दिसते.

गेल्यावर आधी चालवू नका. चालवली की मन तिच्यावर बसतं आणि मग डोळे काम करत नाहीत. मालकांशी चहा होईपर्यंत सायकल उलटी करून घ्या आणि फडक्याला स्पिरिट लावून चार जागा पुसा: हँडलखालच्या नळीला खालची नळी जोडली जाते ती जागा खालच्या बाजूने, सीटपोस्ट आत जाते तिथलं फ्रेमचं टोक, शॉक बसवलेले दोन्ही कान, आणि मागच्या त्रिकोणाचे पिव्होटजवळचे जोड. नुसता मळ असेल तर पुसला जातो. पुसल्यावरही केसासारखी काळी रेघ राहिली, नखाला अडकली आणि वेल्डच्या कडेने चालली असेल तर ती चीर समजा. “वेल्डिंग करून घेऊ, गॅरेजवाला ओळखीचा आहे” हे वाक्य इथे चालत नाही. या फ्रेमचं ॲल्युमिनियम वेल्डनंतर भट्टीत तापवून कडक केलेलं असतं, गॅरेजच्या वेल्डने ती कडकी जाते आणि शेजारून पुन्हा फुटतं. आणि सीटपोस्ट बाहेर काढून बघाच. मुंबईत किंवा कोकणात राहिलेल्या सायकलींत ती फ्रेममध्ये चिकटून बसलेली असते, आणि अशी अडकलेली पोस्ट काढणं म्हणजे एक आख्खा रविवार आणि शेजाऱ्यांशी वाकडेपणा.

आता मुख्य कामाला लागा. सायकल सरळ उभी करा, एका हाताने सीट धरा आणि मागचं चाक जमिनीवरून अगदी बोटभर, सावकाश उचला. चाक उचलण्याआधीच सीट किंचित वर येऊन ‘टक्’ झालं तर शॉकच्या टोकाचे बुश झिजलेत. हे स्वस्तात बदलतात, घाबरायचं कारण नाही. मग मागचं चाक वरून धरून डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट आळीपाळीने प्रत्येक पिव्होटवर ठेवा. जिथे दोन भाग एकमेकांपासून सरकताना बोटाला कळतात तिथलं बेअरिंग गेलंय. फक्त आधी खात्री करा की ती हालचाल चाकाच्या हबमधली नाही. रिम फ्रेमजवळ हलते पण पिव्होट गप्प आहेत, तर दोष हबचा.

मालकांची परवानगी घेऊन शॉकमधली हवा सोडा. सोडण्याआधी किती पीएसआय होती ते लिहून ठेवा, म्हणजे परत भरता येते. हवा गेली की सीटवर हात ठेवून मागचा भाग पूर्ण खाली दाबा आणि वर आणा, चार-पाच वेळा. लोण्यासारखं हललं पाहिजे. मध्येच खरखर लागली, एका जागी अडलं, तर पिव्होटमध्ये गंज आहे. पूर्ण खाली असताना टायर सीटच्या नळीला घासतो का तेही दिसतं. आधीच्या मालकाने जास्त लांबीचा शॉक चढवला असेल तर इथे पकडला जातो. बेअरिंगची एक चांगली गोष्ट अशी की बरीचशी औद्योगिक मापाचीच असतात. झाकण उघडलं की कडेला ६९०२ किंवा ६००० असा आकडा कोरलेला दिसतो, आणि ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिलिमीटर. हे बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. त्यातून जाणारे बोल्ट आणि पिना मात्र त्याच फ्रेमच्या असतात. एखादा बोल्ट नसेल, किंवा त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट दिसला, तर किंमत कमी करायला नको, सायकलच नको.

हवा परत भरा आणि दहा मिनिटं थांबा. मग पंप पुन्हा लावून वाचा. पंप लावताना थोडी हवा त्याच्या नळीत जाते, तेवढी घट धरायची नाही. मग बसून बघा. शॉकच्या दांड्यावर रबराची रिंग असते ती सीलपर्यंत सरकवा, सावकाश बसा, न उसळता उतरा. रिंग दांड्याच्या पंचवीस ते तीस टक्के सरकली तर हवा तुमच्या वजनाला ठीक. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग एका दमात वर येऊन थांबला पाहिजे, माकडासारखा उड्या मारत राहिला तर आतलं तेल काम करत नाहीय. लाल नॉब फिरवून वेग बदलतो का पाहा. न बदलल्यास मालक कितीही गोड असले तरी शॉकची पूर्ण सर्व्हिस हिशोबात धरा.

पुढचा चिमटा पाहताना नळ्यांवर बोट फिरवा. सील जिथवर येतं त्या भागात नखाला लागणारा ओरखडा असेल तर तो सील खातो आणि तेल बाहेर काढतो. त्याच्या वर, दोन्ही नळ्या जोडणाऱ्या क्राउनजवळचा ओरखडा फक्त डोळ्यांना सलतो. नळ्यांच्या मागच्या बाजूला रंग उडून चांदीसारखा पट्टा दिसला तर वर्षानुवर्षं तेल न बदलता चालवलेली आहे. रॉकशॉक्स खालच्या भागाची सर्व्हिस ५० तासांनी सांगतं. आपल्याकडे ती ५० महिन्यांनीही होत नाही. सरळ नळीच्या फ्रेमवर चिमट्याच्या नळ्या गेलेल्या असतील तर मी परत फिरतो, त्याची कारणं वर आलीच आहेत.

बाकीचं पटकन उरकतं. ब्रेकचा लिव्हर दाबून मिनिटभर धरा, हँडलपर्यंत बसत गेला तर गळती किंवा हवा आहे. शिमानोचे ब्रेक असतील तर मिनरल ऑइल, जुने ॲव्हिडचे असतील तर डॉट ब्रेक फ्लुइड, आणि एकात दुसरं घातलं की सील फुगून ब्रेक जातो, म्हणून आधी कुणी काय भरलं ते विचारा. शिमानोच्या रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, किमान जाडी १.५ मिलिमीटर अशी कोरलेली असते, कड बोटाने चाचपून बघा. पट्टी चेनच्या एका पिनवर ठेवा. बारा इंचांवरही एक पिन बरोबर यायला हवी. ती इंचाच्या आठव्या भागाने पुढे गेली असेल तर चेनबरोबर कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांच्या चकत्यांचा संचही गेला समजा. ९ स्पीड असेल तर नाक मुरडू नका, त्याचे भाग अजून सहज आणि परवडतील असे मिळतात. रिमला थोडा आऊट असेल तर तो काढता येतो. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर जिथे टांगतो तो हँगर मात्र फ्रेमगणिक वेगळा असतो. त्याचा फोटो काढा आणि सायकल घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात दोन मागवा.

आता चालवा. जुन्या सायकलीचं स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, लांब आणि हँडल अरुंद असतं, त्यामुळे पहिल्या मिनिटाला ती विचित्र वाटेल. स्टेम आणि हँडल बदलता येतं, फ्रेमची लांबी बदलता येत नाही, म्हणून उभं राहून गुडघे हँडलला लागतात का एवढंच बघा. सोसायटीतल्या गतिरोधकावरून आठ-दहा वेळा जा आणि आवाज ऐका.

भाव करताना यादी हातात असू द्या, पण ती मालकांच्या तोंडावर फेकू नका. “काका, शॉकची सर्व्हिस आणि बेअरिंग मिळून एवढे होतील, ते वजा करू या का?” असं विचारलं की बहुतेक जण स्वतःच आकडा खाली आणतात. आपल्याकडे सायकलीला आरसी नसते. पेडलच्या एक्सलखाली फ्रेमवर कोरलेला नंबर लिहून, तारीख आणि रक्कम घालून, दोघांच्या सह्यांचा साधा कागद करा. नंबर घासून काढलेला असेल तर चहा संपवा आणि निघा.

गाडीच्या डिकीत टाकताना चेनची बाजू वर ठेवा, नाहीतर डिरेलर वाकूनच घरी येतो. आणि चाक काढलंत तर ब्रेक पॅडच्या मधे घडी घातलेला पुठ्ठा सरकवून ठेवा. वाटेत कुणा बाळाने मागच्या सीटवरून लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येऊन बसतात, आणि रात्री दहा वाजता ते चमच्याच्या दांड्याने मागे ढकलत बसावं लागतं.